भरल्या घागरीची वाट

आई रोमला आली आणि पहिल्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या नळापाशी थबकली. रोममध्ये ओतीव लोखंडाचे असे बुटके नळ चौकाचौकांत आहेत, सगळे मिळून अडीच हजारांच्या घरात. पहिले बसवले ते १८७४ च्या सुमारास. तोटी बाकदार, म्हणून त्यांना लाडानं ‘नाझोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. या नळांना चावी नसते. पाणी दिवसरात्र वाहत राहतं. आईनं आधी चावी शोधली, मागून, बाजूनं, खालून. मग तोटीखाली तळवा धरून काही वेळ नुसती उभी राहिली.

“बंद कुणी करायचा ह्यो?” तिनं विचारलं.

वाहतं ठेवलं की पाइपातलं पाणी ताजं राहतं, असं मी सांगितलं. पटलं की नाही ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी दोन बाटल्या घेऊन खाली जायला लागली. घरातल्या नळालाही चांगलं पिण्याचं पाणी येतं, हे सांगून झालं, तरी जायचीच. वाहून जाणाऱ्यातलं दोन बाटल्या तरी कामी लागलं, एवढंच ती म्हणायची.

आई माणदेशातली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, सह्याद्रीनं अडवलेल्या ढगांच्या अलीकडे कोरडा राहिलेला. महाबळेश्वर त्याच जिल्ह्यात आहे, हे माणच्या माळावर उभं राहून खरं वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात आई सतरा वर्षांची होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे मिळणारी सुकडी खायची आणि अंधार पडला की पाण्याला जायची. खडीचं ती सांगते. सुकडीची चवसुद्धा सांगते. पाण्याचं मात्र फारसं कधी बोलली नव्हती, ओर्व्हिएतोला गेलो त्या दिवसापर्यंत.

ओर्व्हिएतो मी निवडलं तेच मुळी तिच्या गुडघ्यांकडे बघून. डोंगरमाथ्यावरची जुनी गावं इटलीत पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी पायथ्याला उतरून चढत जावं लागतं. ओर्व्हिएतोला रोमहून थेट आगगाडी जाते, साधारण सव्वा तासाची, आणि स्टेशनाच्या समोरूनच दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे वर नेऊन सोडते. वर गेल्यावर कॅथेड्रल बघायचं, जेवायचं, उन्हाला बसायचं आणि परत यायचं, असा माझा बेत. त्या बेतात विहीर नव्हती. २४८ पायऱ्या उतरायच्या आणि तितक्याच चढायच्या, हे मी आईसाठी कधीच ठरवलं नसतं.

ऑक्टोबरमधला शनिवार होता. आई, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. टायबरच्या खोऱ्यातून गाडी उत्तरेला निघाली. द्राक्षं काढून झालेली होती आणि वेलींची पानं तांबूस पडायला लागली होती. आई खिडकीशी बसून प्रत्येक शेताचं काहीतरी बोलत होती. माती कसली आहे, बांध कुठे घातलाय, मोकळं रान कुणी का पेरलं नाही. आणि मग एका वळणावर डावीकडे तो खडक दिसला. चहूबाजूंनी तासलेला, वर सपाट, आणि त्या सपाटीवर काठोकाठ घरं. तटबंदी वेगळी बांधायची गरजच नाही, कडा हाच तट.

“महिमानगडावाणी दिसतंय,” आई म्हणाली. तिच्या माहेरच्या अंगणातून महिमानगड दिसायचा. मग लगेच पुढचा प्रश्न आला, “वर पाणी कुठनं आणत्यात?”

मी तिला कॅथेड्रलचं सांगायला लागले होते. उत्तर दिलं नाही. खरं तर तो एकच प्रश्न या गावाला गेली अडीच हजार वर्षं पुरला आहे.

वर नेणाऱ्या रेल्वेपासूनच त्याला सुरुवात होते. ती पहिल्यांदा १८८८ साली सुरू झाली. आदोल्फो कोत्सा नावाच्या माणसानं ती आखली, आणि तेव्हा ती पाण्यावर चालायची. दोराच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्याच्या पोटातल्या टाकीत पाणी भरायचं, की तो जड होऊन उतरायला लागायचा आणि खालच्याला वर ओढायचा. खाली पोचला की टाकी रिकामी करायची. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. डबा झाडीतून आणि एका बोगद्यातून वर सरकत होता तेव्हा मी आईला हे सांगितलं.

“म्हंजी पानी मान्साला वर न्यायचं?” ती म्हणाली. तिनं जन्मभर हे उलटंच पाहिलं होतं.

डब्यातून उतरलो तो समोरच एक जुना किल्ला आणि जरा पुढे बुटकी गोल इमारत. बाहेर फलकावर विहिरीचं उभं छेदचित्र होतं. आई त्या चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र वाचत होती. वरचा खडक, खालची माती, तळाचं पाणी.

“किती परस हाय?”

नवऱ्यानं मनाशी हिशेब केला. त्रेपन्न मीटर. “तीसएक परस असेल, आई. तुम्ही नका उतरू. आम्ही दोघं जाऊन येतो, तुम्ही इथे बागेत बसा.”

“मी बसाया न्हाई आले, जावईबापू,” ती म्हणाली आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालायला लागली.

या विहिरीचं नाव पोत्सो दी सान पात्रित्सियो, संत पॅट्रिकची विहीर. नाव खूप नंतरचं आहे. ती खणली गेली भीतीपोटी. १५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या, पगार थकलेल्या सैन्यानं रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कित्येक महिने किल्ल्यात अडकून पडला आणि डिसेंबरात वेश बदलून निसटला तो थेट ओर्व्हिएतोला आला. हा खडक कुणालाही सर होणार नाही, हे त्याला माहीत होतं. पण वेढा पडला तर वर पाणी किती दिवस पुरेल? त्यानं आन्तोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खणायला लावली. पोप १५३४ मध्ये वारला, विहीर १५३७ मध्ये पुढच्या पोपच्या, तिसऱ्या पॉलच्या काळात पुरी झाली. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ असा, की संरक्षणासाठी निसर्गानं जे द्यायला हात आखडता घेतला, ते माणसाच्या उद्योगानं पुरवलं.

पाणी तिथे, त्या खोलीवर, का लागतं हे छेदचित्रात स्पष्ट होतं. गाव वसलंय ते टफवर. ज्वालामुखीची राख साचून, दाबली जाऊन झालेला हा पिवळसर तपकिरी दगड सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो. त्याखाली चिकणमातीचा जाड थर आहे, त्यातून पाणी पुढे उतरत नाही. म्हणून विहीर अख्खा खडक फोडून खालच्या मातीत जाते. वरचा भाग खडकात कोरलेला, खालचा विटांनी बांधून काढलेला.

आत शिरल्यावर मात्र हे सगळं विसरायला होतं. जिन्यांसकट विहिरीची रुंदी तेरा मीटर. मधे पोकळी, आणि तिला वेढत भिंतीच्या आतून उतरत जाणारा जिना. पोकळीकडे उघडणाऱ्या सत्तरएक खिडक्या. वरून येणारा उजेड एकेका खिडकीगणिक मऊ होत जातो. पायऱ्या रुंद, बुटक्या, पुढे किंचित उतरत्या, कारण त्या माणसांसाठी नव्हत्याच. पखाली लादलेल्या खेचरांसाठी होत्या. लेक मोठ्यानं पायऱ्या मोजत पुढे पळाली. नवरा तिच्यामागे. मी आईच्या एक पायरी खाली, तिच्या तोलाकडे लक्ष ठेवून. ती भिंतीवर हात टेकत उतरत होती. दर काही पायऱ्यांनी तळहात बघायची. साठएक पायऱ्यांनंतर म्हणाली, “हितनं ओल सुरू झाली.”

बरंच खाली आल्यावर ती थांबली.

“अगं, वर जाणारी माणसं कुठायत? कुणीच आडवं आलं न्हाई.”

लेक परत वर आली होती, तिनंच आजीला दाखवलं. “आजी, त्या समोरच्या खिडकीत बघ. ते काका वर चाललेत. त्यांचा जिना वेगळा आहे. दोन जिने एकमेकांत गुंडाळलेत, पण कुठेच भेटत नाहीत. तळाला एक छोटा पूल आहे, तो ओलांडला की आपण दुसऱ्या जिन्यावर.”

सांगाल्लोचं सगळं कौशल्य त्यात आहे. रिकामं खेचर एका वाटेनं उतरतं, भरलेलं दुसऱ्या वाटेनं चढतं, रांग कुठेही तुंबत नाही. मी हे आधी वाचलं होतं आणि मला ते एक हुशार कोडं वाटलं होतं. आई पायरीवर खाली बसली.

“आमच्या विहिरीला एकच वाट हुती,” ती म्हणाली. “वड्याच्या काठाला. एक बाई मावंल एवढी. रिकामी घागर घिऊन बाई उतरत आसली आन् वरनं भरली आली, तर रिकामीनं वाट द्यायची. भरल्या घागरीला वाट. त्यात थोरली-धाकटी, जातबीत काय न्हाई.” क्षणभर थांबली. “पण बहात्तर सालाच्या पुढच्या उन्हाळ्यात झऱ्याला पानीच न्हवतं. वाटीवाटीनं भरायचं. एक घागर भरायला अर्धी रात जायाची. मागच्या बायांना वाटायचं, आपली पाळी येस्तोवर संपल. कोन वाट देतंय?”

त्या रात्री ती भरलेली घागर डोक्यावर घेऊन चढत होती आणि वरून कुणीतरी घाईनं उतरली. आई कडेला सरली, पाय मुरमावरून घसरला. ढोपर फुटलं. घागर आपटत आपटत खाली गेली.

“लागलं किती गं?” मी विचारलं.

“ढोपराचं काय. घागर सांडली.”

आमच्या घरी कोपऱ्यात एक पोचा आलेली पितळी घागर आहे, तिच्यात डाळ असते. लहानपणी मी तिचा पोचा आतून हातानं चाचपायची. आम्हा भावंडांपैकीच कुणीतरी पाडली असेल असं मला कायम वाटत आलं होतं. आणि हा तोच डावा गुडघा, ज्याच्यासाठी मी सोप्यातलं सोपं गाव शोधत होते. मी काही बोलू शकले नाही. खालून चार-पाच शाळकरी मुलांचे आवाज येत होते, ते वर चढत होते, पण आमच्या अंगावरून कुणी गेलं नाही.

तळाशी पूल आहे. त्याखाली स्वच्छ, हिरवट पाणी, आणि पाण्यात नाण्यांचा खच. लेकीनंही नाणं मागितलं. मी पर्स उघडली तर आईनं तिचा हात धरला. गंगेत, कृष्णेत पैसा टाकणारी बाई ही. नदी दिसली की एसटीच्या खिडकीतून रुपया फेकायची. पण म्हणाली, “नदी येगळी, बाय. ह्यो प्यायाचा आड हुता. प्यायाच्या पाण्यात काय टाकत न्हाईत.” मग तिनं वाकून पाण्याला हात जोडले. मी झाले तेव्हा बाराव्या दिवशी तिनं विहिरीला हळदकुंकू वाहिलं होतं, हे मावशीकडून ऐकलेलं. तसेच जोडले असतील.

वर यायला आम्हाला पाऊण तास लागला. प्रत्येक दुसऱ्या खिडकीशी थांबत. नवऱ्यानं दोनदा हात पुढे केला, तिनं दोन्ही वेळा नुसतं हसून नाही म्हटलं. शेवटच्या वळणाला उजेड एकदम अंगावर आला तेव्हा तिनं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “बेताच्या हायत पायऱ्या.”

कॅथेड्रलपर्यंत छोट्या बसनं गेलो. १२९० मध्ये चौथ्या निकोलस पोपच्या हस्ते पायाभरणी झालेली ही इमारत आहे आणि तिचा दर्शनी भाग बघून माणूस गप्प होतो. सोनेरी मोझेइक उन्हात डोळे दिपवतात. मला मात्र ओढ असते ती खालच्या चार खांबांची. लोरेन्त्सो माइतानीच्या देखरेखीखाली चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांवर उथळ शिल्पं कोरली गेली, नजरेच्या उंचीवर. डावीकडच्या खांबावर झोपलेल्या आदमाच्या कुशीतून ईव्ह बाहेर येतेय, उजवीकडच्या खांबावर मेलेली माणसं शवपेट्यांची दगडी झाकणं ढकलून उठताहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी मांडलेली गोष्ट. आईला बायबल माहीत नाही, तरी नरकात ओढून नेली जाणारी माणसं तिनं बरोबर ओळखली आणि “ह्ये कुठंबी सारकंच,” म्हणाली.

आत लुका सिन्योरेल्लीनं १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेलं देवघर आहे. तिथे सपाट पांढऱ्या जमिनीतून सांगाडे आणि उघडी माणसं वर निघतायत, एकमेकांना हात देऊन ओढतायत. लेक तिथून हलायला तयार नव्हती. मीही हलले नसते. पण आई कुठे दिसेना म्हणून बाहेर आले.

ती कॅथेड्रलच्या बाजूच्या भिंतीशी होती. ही भिंत आडव्या पट्ट्यांची आहे, एक पांढरी, एक काळी, एक पांढरी, एक काळी, अगदी वरपर्यंत. पांढरा दगड ट्रॅव्हर्टाइन. काळा आहे बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्री ज्याचा झालाय त्याच जातीचा दगड. मला हे पुस्तकातून माहीत. आईचा हात काळ्या पट्टीवर होता.

“ह्यो आपला फत्तर,” ती म्हणाली. “ह्यो म्या फोडलाय.”

जेवायला एका साध्या खानावळीत बसलो. उंब्रिकेल्ली मागवल्या. नुसतं पीठ आणि पाणी मळून हातानं वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो-लसणाच्या रस्स्यात. आईनं एक शेव काट्यावर धरून उलटसुलट बघितली, “वळल्यात चांगल्या, पण वाळवल्या न्हाईत,” असा निकाल दिला आणि ताटली साफ केली. पाव मात्र तिला अळणी लागला, आणि तो होताच. उंब्रिया प्रांतात पावात मीठ घालत नाहीत. लोक सांगतात, तिसऱ्या पॉल पोपनं मिठावर कर वाढवला म्हणून १५४० मध्ये पेरुजा शहर त्याच्याविरुद्ध उठलं, हरलं, आणि तेव्हापासून पाव बिनमिठाचा झाला. या गोष्टीत खरं किती ते असो. विहीर पुरी केली तो पोप हाच, एवढं नक्की.

दुपारी आई आणि नवरा चौकातल्या कट्ट्यावर उन्हात बसले आणि मी लेकीला घेऊन जमिनीखाली गेले. ओर्व्हिएतोच्या पोटात सुमारे १२०० गुहा आहेत, तळघरं, तेलाचे घाणे, खाणी. टफ मऊ दगड, साध्या हत्यारानं कोरता येतो, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या घराखाली कोरलं. काही गुहांच्या भिंतीत कबुतरांसाठी चौकोनी कोनाडे आहेत, शेकड्यांनी. कड्याच्या बाजूला एक खिडकी. कबुतर बाहेर जाऊन आपलं दाणापाणी आपण बघतं आणि घरट्यात परत येतं. वेढा पडला तरी घरात मांस असतं.

पण मला दाखवायच्या होत्या त्या एत्रुस्कांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या लोकांच्या विहिरी. ओर्व्हिएतो म्हणजेच एत्रुस्कांचं वेल्झ्ना, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमनांनी इसवी सनापूर्वी २६४ मध्ये ते उद्ध्वस्त केलं. त्याच्याही आधी कधीतरी या लोकांनी खडकात सरळ खाली आयताकृती आड खणले, जेमतेम एक माणूस मावेल एवढे अरुंद. दोन्ही भिंतींना पाय रोवायला खाचा आहेत, खालपर्यंत. दोन बाजूंना दोन पाय टेकवत माणूस उतरायचा. लेक जाळीतून खाली बघत राहिली, मग म्हणाली, “यात तर दोघं समोरासमोर आले तर काहीच करता येणार नाही.” ती सकाळचं ऐकत होती तर. मला वाटलं होतं ती पायऱ्या मोजतेय.

निघण्याआधी कड्याच्या काठावर थोडा वेळ थांबलो. खाली ऑलिव्हच्या बागा, पलीकडे पाल्या नदीचं पात्र. हा कडा विसाव्या शतकात ढासळायला लागला होता. घरोघर नळ आले, सांडपाण्याचे पाइप आले, ते गळायला लागले आणि ते पाणी खडकात मुरत राहिलं. १९७८ मध्ये ओर्व्हिएतो आणि शेजारचं तोदी यांच्यासाठी खास कायदा करून खडक सांधायचं काम हाती घ्यावं लागलं. नवऱ्यानं हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “फुकट घालवलं की असंच.” आणि मला आमच्या गल्लीतला नळ आठवला.

परतीच्या गाडीत ती झोपली, गुडघ्यावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या भरून वर आल्यावर तिनं गावाकडे व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, ओसरीत शेंगा फोडत होती. दोघी पन्नास वर्षं एका घरात नांदल्या, एकाच विहिरीला गेल्या. मला वाटलं आई कॅथेड्रलचं सांगेल, सोन्याच्या भिंतीचं. तिनं थेट विहिरीला हात घातला.

“तीस परस खोल. आन् खाली जायाची वाट येगळी, वर यायाची येगळी. भरली-रिकामी समोरासमोर येतच न्हाई.”

“व्हय?” काकूचा हात थांबला. “मग बाया किती असायच्या गं पाण्याला?”

“बाया न्हवत्या. खेचरं हुती.”

पलीकडे आवाज बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. मग काकू म्हणाली, “खेचरांसाठी केल्या एवढ्या पायऱ्या?”

“हां,” आई म्हणाली. “चांगल्या रुंद हायत. गुडघ्याला लागत न्हाईत.”